जहाज मुंबईत, माणसं कोल्हापुरात

आमच्या तिकिटावर जहाज सुटण्याची वेळ संध्याकाळी पाचची होती. तिथंच खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की चेक-इन दोन तास आधी बंद होईल. म्हणजे आमच्यापुरतं जहाज तीन वाजताच सुटणार होतं. एसटी चुकली तर मागून दुसरी येते, सकाळची गाडी चुकली तर रात्रीची मिळते. जहाज चुकलं की सहलही गेली आणि भरलेले पैसेही गेले. कोल्हापूर ते मुंबईचं बॅलार्ड पिअर हे अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही अठ्ठावीस जण, त्यातली बारा माणसं साठी ओलांडलेली, आणि एका मावशींना तर चाकाची खुर्ची लागते. ही सगळी मंडळी घरापासून धक्क्यापर्यंत आणि धक्क्यापासून परत घरापर्यंत नेण्याचं काम माझ्याकडं आलं. मी बँकेतून निवृत्त झालेली, राजारामपुरीतल्या आमच्या भिशीचा हिशोबही माझ्याकडंच असतो, म्हणून हेही मीच करावं असं ठरलं. मी ते मनापासून घेतलं. यातल्या बऱ्याच जणी आयुष्यात पहिल्यांदाच जहाजावर पाऊल ठेवणार होत्या.

मुंबई–गोवा–मुंबई अशी ती फेरी होती. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "गोव्याला जायला मुंबईला कशाला जायचं गं? आंबोली उतरलं की आलाच की गोवा." त्यांचं बरोबर होतं. कोल्हापूरचा माणूस सकाळी निघून दुपारचं जेवण पणजीत करतो. पण आम्हाला गोवा बघायचा नव्हता, समुद्रात राहायचं होतं, आणि त्यासाठी आधी मुंबई गाठायलाच हवी होती.

आधी एक गैरसमज निस्तरावा लागला. निम्म्या लोकांच्या मनात जहाज गेटवे ऑफ इंडियाहून सुटतं असं होतं, उरलेल्यांच्या मनात भाऊच्या धक्क्यावरून. गेटवेवरून घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँच सुटतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो जाते, आणि जुन्या माणसांच्या आठवणीत तिथूनच कोकणच्या बोटी सुटायच्या. मोठ्या क्रूझचं ठिकाण वेगळं आहे : इंदिरा गोदीच्या बॅलार्ड पिअरवरचं मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. गोदीला वेगवेगळ्या रंगांच्या नावांची फाटकं आहेत आणि क्रूझसाठी ग्रीन गेट. मोबाइलच्या नकाशात नुसतं 'मुंबई पोर्ट' टाकलं तर गाडी कुठल्या फाटकावर जाऊन उभी राहील याचा भरवसा नाही. म्हणून गटावर पहिला संदेश टाकला तो हाच : ग्रीन गेट, बॅलार्ड पिअर. मावशींच्या मुलाला तो कागदावर लिहून खिशात ठेवायला सांगितला.

मग वेळ मोजायला घेतली, ती बंदराकडून कोल्हापूरकडं. तीनला काउंटर बंद, म्हणजे वयस्कर माणसं आणि सामान धरून एकला फाटकावर पोचायला हवं. त्याआधी अंघोळ, नाश्ता, औषधं, थोडं पाठ टेकणं, म्हणजे सकाळी आठ-नऊला मुंबईत. मग कोल्हापूर आदल्या रात्रीच सोडावं लागणार.

इथं दोन तट पडले. एक गट म्हणाला, मोठी आरामबस करू, रात्री दहाला ताराराणी चौकातून बसू, सगळे एकत्र, गाणी म्हणत जाऊ. दुसरा गट महालक्ष्मी एक्सप्रेसच्या बाजूनं होता. मला बसची भीती नव्हती, रस्त्याची होती. मुंबईच्या क्रूझचा हंगाम पावसाळा संपल्यावर रंगात येतो आणि आपल्याकडं उसाचा हंगामही तेव्हाच सुरू होतो. जोड ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रीसुद्धा महामार्गावर असतात. ऊसदराचं आंदोलन तापलं की शिरोलीला चक्काजाम होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यात साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाचं काम, जागोजागी वळवलेला रस्ता. आणि एवढ्यातून पार पडलं तरी पुढं बोरघाटात एखादा कंटेनर आडवा झाला तर तीन-चार तास सहज जातात. रेल्वेही उशिरा येते, मान्य. पण महालक्ष्मी आपल्या शाहू महाराज टर्मिनसवरून रात्री सुटते आणि सकाळी थेट सीएसएमटीला जाते. तिथून बॅलार्ड पिअर दीडेक किलोमीटर. गाडी तीन तास उशिरा आली तरी आमची एकची वेळ चुकत नव्हती. असा तीन तासांचा आधार मला रस्त्यानं कुणी देत नव्हतं. जाताना रेल्वे, येताना रस्ता, असं ठरलं.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधीच उघडतं, पूर्वी एकशेवीस दिवस आधी मिळायचं. जहाजाचं बुकिंग आमच्या हातात कधीचं होतं, पण रेल्वेसाठी वाट बघावी लागली. एका तिकिटावर सहाच माणसं बसतात. म्हणून सहा-सहाचे गट पाडावेत असं सगळे म्हणत होते. मी तसं केलं नाही, आणि याचा फायदा फार झाला, म्हणून सविस्तर सांगते. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो : पुरुष साठीच्या पुढचे, बायका पंचेचाळिशीच्या पुढच्या. पण त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असायला हवेत आणि ते दोघंही त्या वयात बसायला हवेत. सहा जणांच्या तिकिटावर आजी-आजोबांना घातलं की हा कोटा मिळत नाही, आणि मग गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला वरचा बर्थ येतो. म्हणून बारा ज्येष्ठांची दोन-दोनची सहा तिकिटं काढली, उरलेल्यांची मोठी. सकाळी आठला आरक्षण उघडतं तेव्हा चार घरांत चार जण आधार जोडलेली खाती उघडून बसले होते. कुणी कुणाची तिकिटं काढायची हे आदल्या रात्रीच वाटून दिलं होतं. एका डब्यात या कोट्याचे बर्थ मोजकेच असतात, त्यामुळं सगळ्यांना खालचा मिळाला नाही, पण ज्यांना खरी गरज होती त्यांना मिळाला. माणसं वेगवेगळ्या डब्यांत विखुरली गेली. त्यावर उपाय एकच केला : प्रत्येक डब्यात एक जाणता, फोन उचलणारा माणूस, आणि त्या डब्यातल्या सगळ्यांची मूळ ओळखपत्रं आहेत की नाहीत हे बघण्याची जबाबदारी त्याची.

ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र मार्च 2020 पासून बंद आहे. ती अजून मिळते असं धरून हिशोब करणारी माणसं आमच्यातही होती, त्यांना आधीच सांगून टाकलं.

परतीचं कोडं जास्त अवघड होतं. जहाज सकाळी मुंबईला लागतं, पण उतरायला वेळ लागतो. मजल्यांप्रमाणं, सामानाच्या चिठ्ठीच्या रंगाप्रमाणं बोलावतात. सकाळी मुंबईहून सुटणारी कोयना पकडणं शक्य नव्हतं. रात्रीची महालक्ष्मी धरायची तर दिवसभर अठ्ठावीस माणसं सामानासह मुंबईत ठेवायची कुठं? त्यामुळं गाडी करणं आलंच.

मी गाडीमालकांकडं गेले ती पंचेचाळीस सीटची बस विचारायला. कावळा नाक्याजवळच्या एका मालकांनी मला बसवून चहा दिला आणि स्वतःच्याच धंद्याविरुद्ध सल्ला दिला. "ताई, मोठी गाडी नको. दक्षिण मुंबईत दिवसा मोठ्या खासगी बसला आत घेत न्हाईत. पोलिसानं अडवली तर तुमची म्हातारी माणसं रस्त्यावर. अटल सेतूवरनं आलो तरी बसला शिवडीला उतरवतात, फ्रीवेवर सोडत न्हाईत. दोन सतरा सीटर ट्रॅव्हलर घ्या, थेट गेटाजवळ येतील." मी घरी येऊन वाहतूक पोलिसांच्या सूचना वाचल्या, आणखी दोघा मालकांना विचारलं. ते सांगत होते ते खरं होतं.

दोन सतरा सीटर म्हणजे चौतीस जागा, माणसं अठ्ठावीस. सहा जागा जास्त का, असा प्रश्न आलाच. ट्रॅव्हलर पूर्ण भरली की बॅग ठेवायला जागा राहत नाही, टपावर बांधलेलं सामान वयस्कर माणसांना वाटेत काढता येत नाही. प्रत्येक गाडीत चौदा माणसं, मागच्या जागा सामानाला आणि मावशींच्या घडीच्या खुर्चीला.

भाड्याचं गणित असं की गाडी कोल्हापूरहून रिकामी येणार आणि आम्हाला घेऊन परतणार, तरी किलोमीटर दोन्ही बाजूंचे लागतात. त्यावर टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता. मुंबईतलीच गाडी केली असती तरी तिचं रिकामं परत जाणं आमच्याच माथी आलं असतं, शिवाय रस्ता आणि माणसं अनोळखी. म्हणून कोल्हापूरचीच केली.

पण खरी चर्चा झाली ती चालकांच्या झोपेवरून. गाडी मध्यरात्री कोल्हापूरहून निघेल, सकाळी धक्क्यावर उभी राहील आणि तसंच आम्हाला घेऊन परत येईल, असा प्रस्ताव आमच्यातूनच आला. एक मुक्काम वाचेल, भत्ता वाचेल. मी त्याला साफ नकार दिला. रात्रभर नऊ-दहा तास चालवलेल्या माणसानं दिवसभर परत तेवढंच चालवायचं, आणि त्याच्या मागं आपले आई-वडील बसवायचे? मोटार परिवहन कामगारांसाठी 1961 चा कायदा आहे. त्यात दिवसाचे कामाचे तास साधारण आठ धरलेत, लांबच्या पल्ल्याला थोडी सूट आहे, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यायची असं म्हटलंय. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. महामार्गावर पहाटे होणारे अपघात आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो आणि पान उलटतो. भिशीच्या बैठकीत मी सांगितलं की चालक आदल्या दुपारी कळंबोलीला पोचतील, तिथं लॉजवर नीट जेवून झोपतील, आणि त्याचा खर्च आपण देऊ. तो मंजूर नसेल तर गाडी दुसऱ्या कुणी ठरवावी. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मावशीच म्हणाल्या, "माझ्या वाटणीचं जास्त घ्या, पण पोरं झोपू देत." विषय तिथं संपला.

मालकांकडून एका कागदावर सगळं लिहून घेतलं : दोन्ही गाड्यांचे नंबर, परमिट, फिटनेस आणि विमा कुठल्या तारखेपर्यंत आहे, चालकांची नावं आणि फोन, एसी घाटातही चालू राहील, गाडी बंद पडली तर दुसरी कोण पाठवणार, टोल-पार्किंग भाड्यात की वेगळं, जहाजाला उशीर झाला तर थांबण्याचे किती. आणखी एक ओळ मी मुद्दाम घातली. समुद्रात मोबाइलला रेंज नसते, किनारा जवळ आल्यावरच फोन लागतो. त्यामुळं सगळं ठरवायचं ते जहाजावर चढण्याआधीच. फोन लागला नाही तरी गाड्या नऊ वाजल्यापासून ग्रीन गेटच्या जवळपास राहतील, आणि आमच्यातला एक माणूस आधी बाहेर येऊन चालकांना शोधेल, असं कागदावरच होतं.

जाण्याच्या रात्री स्टेशनवर सगळे वेळेआधी आले. भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, दही, धपाटे, भडंग, प्रत्येकीनं दुसरीसाठीही आणलेलं. पण आमच्या जहाजाच्या नियमांत बाहेरचं खाणं चालत नव्हतं, म्हणून ते रेल्वेत आणि सकाळी लॉजवरच संपवायचं हे आधी सांगून ठेवलं होतं. बॅगांना फिती बांधल्या, एका गाडीच्या पिवळ्या आणि दुसरीच्या हिरव्या. टर्मिनलवर बॅग ताब्यात घेतात आणि ती खोलीपर्यंत यायला बराच वेळ लागतो. म्हणून गोळ्या, चष्मा, ओळखपत्र, शाल हातातल्या पिशवीत. साखरेचा आणि रक्तदाबाचा आजार असलेल्या प्रत्येकाला मी स्वतः पिशवी उघडून दाखवायला लावली. काहींना ते आवडलं नाही.

महालक्ष्मी तासभर उशिरा पोचली. सीएसएमटीजवळ एका लॉजवर अर्ध्या दिवसासाठी काही खोल्या घेतल्या होत्या, अंघोळी आळीपाळीनं झाल्या. तिथून बंदर एवढं जवळ की टॅक्सी करू असं काहींना वाटत होतं. पण अठ्ठावीस माणसं आणि तेवढ्याच बॅगा म्हणजे काळ्या-पिवळ्यांची रांगच लागली असती, आणि एखादी टॅक्सी भलत्या फाटकावर गेली असती. त्या दीड किलोमीटरसाठीही मी आधीच एक छोटी स्थानिक गाडी सांगून ठेवली होती. तिनं दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेत ज्येष्ठ आणि खुर्ची, दुसऱ्यात बाकीचे आणि जड सामान.

एक काळ असा होता की आगगाडी थेट धक्क्यापर्यंत जायची. बॅलार्ड पिअरवर मोल नावाचं स्टेशन होतं, 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल तिथून सुटायची, आणि विलायतेच्या बोटीतून उतरलेला प्रवासी लगेच डब्यात बसायचा. ती सोय आज असती तर माझं निम्मं काम हलकं झालं असतं.

फाटकावर तिकीट आणि ओळखपत्र बघूनच आत सोडतात, त्यामुळं कागद हातात धरून माणसं एका ओळीत उभी केली. मावशींच्या खुर्चीबद्दल जहाज कंपनीला आधी मेल केला होता. आत त्यांचा माणूस खुर्ची घेऊन आला आणि मावशींना सुरक्षा तपासणीपासून वरच्या मजल्यापर्यंत घेऊन गेला. तीनच्या बऱ्याच आधी आमचे सगळे आत होते. जहाजावरच्या दिवसांबद्दल सगळ्यांनी फोटो टाकलेच आहेत, मी त्यात पडत नाही.

परतीच्या आदल्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी आमच्या रंगाची हाक यायला उशीर झाला. आमच्यातला पुढं जाणारा भाचा खाली उतरून गाड्यांपर्यंत पोचला होता, त्यामुळं मी निवांत होते. दोन्ही चालक दाढी करून, झोप झालेल्या चेहऱ्यानं उभे होते. फितींवरून बॅगा लगेच ओळखू आल्या. पी. डिमेलो रस्त्यावरून फ्रीवे, शिवडीहून अटल सेतू, चिर्ल्याला उतरून पनवेलकडं आणि मग द्रुतगती मार्ग. जानेवारी 2024 मध्ये सेतू सुरू झाल्यापासून दक्षिण मुंबईतून बाहेर पडणं किती सोपं झालंय ते चेंबूर-वाशीच्या गर्दीतून गेलेल्या माणसालाच कळेल. पावणेबावीस किलोमीटरच्या त्या पुलावरून समुद्र पुन्हा दिसत राहिला, आणि गाडीत कुणी झोपलं नाही.

साधारण दोन तासांनी थांबायचंच असं ठरलं होतं, कुणाला लागो न लागो. वयस्कर बायका लाजून सांगत नाहीत, पाणी पिणं बंद करतात आणि मग पाय सुजतात. एक्सप्रेसवेवरच्या फूड मॉलला, पुण्याच्या पुढं, खंबाटकीचा घाट चढून गेल्यावर आणि साताऱ्याला, असे थांबे झाले. साताऱ्याला पिठलं-भाकरी मिळाली आणि कंदी पेढे घेतले गेले. दोन्ही गाड्या एकमेकींच्या नजरेत ठेवायच्या असं सांगितलं होतं. नवले पुलापाशी त्या चुकल्या, पण खेड शिवापूरच्या टोलनाक्यापुढं थांबून पुन्हा एकत्र झाल्या. कराडच्या पुढं अंधार पडला, वळवलेला रस्ता आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. चालकांनी वेग उतरवला आणि कुणीही घाई केली नाही. उशीर झाला तरी चालेल हे वाक्य आम्ही निघतानाच दोघांना सांगितलं होतं, आणि मला वाटतं चालकाला हे आधी सांगायलाच हवं, नाहीतर तो मागच्या कुजबुजीला ऐकून गाडी पळवतो.

घरी सोडण्याचा क्रमही ठरलेला होता. पहिली गाडी तावडे हॉटेलवरून कावळा नाका, शाहूपुरी, राजारामपुरी. दुसरी रंकाळ्याकडं आणि पुढं फुलेवाडीला. ज्यांचं घर गल्लीत आत होतं त्यांच्याकडून कुणीतरी कोपऱ्यावर उभं राहील अशी व्यवस्था केली होती, म्हणजे रात्री रिक्षा शोधायला लागू नये. मावशींना त्यांच्या दारात उतरवलं, खुर्ची चालकानं स्वतः आत नेऊन ठेवली.

हिशोब त्याच आठवड्यात गटावर टाकला. रेल्वे, लॉज, मुंबईतली छोटी गाडी, दोन ट्रॅव्हलर, टोल, पार्किंग, चालकांचा मुक्काम, प्रत्येक ओळ वेगळी. मुक्कामाच्या ओळीवर कुणी काही बोललं नाही. थोडी रक्कम उरली, ती भिशीत जमा केली. शाहूपुरीतला एक गट फेब्रुवारीत जायचं म्हणतोय. त्यांना कागदाची नक्कल, मालकांचा नंबर आणि रेल्वेच्या दोन-दोनच्या तिकिटांची पद्धत दिली आहे, आणि चेक-इन बंद होण्याची वेळ निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारून घ्यायला सांगितलं आहे.